दाराच्या आतली मूठ

दार या विषयावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. दार म्हणजे उंबरठा, दार म्हणजे संधी, दार म्हणजे निरोप. विद्वानांनी या बिचाऱ्या फळीवर इतके अर्थ लादले आहेत, की ती बिजागरीतून निखळली कशी नाही याचेच आश्चर्य वाटावे. दाराच्या आतल्या बाजूला जी मूठ असते, तिच्यावर मात्र चार ओळी खर्चाव्यात असे कोणाला वाटले नाही. ती फिरवली की दार उघडते, एवढेच तिचे चरित्र. त्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे ज्याला वाटेल, तो कधी अशा जागी राहिलेला नसतो जिथे दारांना आतून मूठच नसते.

बाइंडर अशा जागी राहून आला होता.

बाइंडर हा त्याचा पेशा. ऐन तारुण्यात तो एका छापखान्यात पुस्तके बांधत असे. फर्मे दुमडायचे, दोऱ्याने शिवायचे, कण्याला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि सगळे शिकंज्यात, म्हणजे दाबाच्या यंत्रात, घालून दांडा आवळायचा. पुढे त्याच्या कानांत काही माणसे बोलू लागली. तो त्यांना आजही ‘मंडळी’ म्हणतो. त्यांच्याविषयी बोलताना त्याचा सूर घरात ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यांविषयी बोलावे तसा असतो. मंडळींनी त्याला सांगितले, की पुस्तकांच्या कण्यांत कोणी सुया लपवतो आहे. त्याने एका दुपारी बांधून तयार असलेला अख्खा गठ्ठा उसवून ठेवला, आणि तोही इतक्या नेटकेपणाने, की मालकाला संतापण्यापूर्वी क्षणभर कौतुक वाटले असावे. मग त्याला गावाबाहेरच्या उंच भिंतीआड, मनोरुग्णालयात नेण्यात आले. थोड्या दिवसांसाठी. ‘थोडे दिवस’ या शब्दांचा तिथला अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही. ते संपले तेव्हा त्याचे केस पिकले होते, आईवडील गेले होते, छापखान्याच्या जागी मोटारी धुण्याचे दुकान आले होते, आणि परकर-पोलक्यात मागे सोडलेली धाकटी बहीण चष्मा लावून त्याला न्यायला आली होती.

त्याला बाहेर आणले ते एका केंद्राने. हे केंद्र गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना साध्या वस्तीत साध्या खोल्या मिळवून देते आणि त्यांच्या सोबतीला माणूस पाठवते. गॅस कसा पेटवायचा, बस कुठे थांबते, गोळ्या कोणत्या डब्यात, रांगेत कोणी धक्का दिला तर काय म्हणायचे, असल्या गोष्टींसाठी. या कामाला अहवालांत ‘समाजाधारित पुनर्वसन’ असे भारदस्त नाव आहे. मात्र समाज नावाचे गृहस्थ जिन्यात कधी भेटत नाहीत. जिन्यात भेटतो तो खालच्या दुकानातला सायकलवाला, आणि त्याचे हात ग्रीसने माखलेले असतात.

बाइंडरच्या वाट्याला सोबतीला आली ती ताई. केंद्रात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. ती कामात काटेकोर होती आणि एका गोष्टीत हट्टी: ज्याची खोली, त्याचे दार. केंद्राच्या कपाटात प्रत्येक खोलीची जादा किल्ली असे, अडीअडचणीसाठी. ताईने ती कधी हातात धरली नव्हती. दारावर टकटक करायची, नाव सांगायचे, ‘आत येऊ का?’ असे विचारायचे आणि थांबायचे. हुकूम द्यायचा नाही. ‘दार उघडा’ असेसुद्धा म्हणायचे नाही, कारण ही माणसे आयुष्यभर ‘ऊठ, बस, गिळ, झोप’ एवढेच ऐकत आलेली असतात. तिला हे प्रशिक्षणात शिकवले होते. शिकवणाऱ्यांनी शिकवून सोडून दिले. तिने ते खरे मानले. चांगल्या शिक्षणातला धोका तो हाच.

खोली लागली त्या दिवशी ताईने त्याला सगळे दाखवले. खिडकीचा आकडा, मोरीतला नळ, दिव्याची बटणे, शेगडी. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती, ढकलले की उघडे. बहिणीने आणलेली गादी, भांडी, आणि वाचनालयाने दुरुस्तीला दिलेल्या फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा वर चढवायचा होता, म्हणून खोलीचे दार दिवसभर सताड उघडे होते. ते मिटू नये म्हणून सायकलवाल्याने खाली एक वीट लावून दिली. उघड्या दाराची आतली बाजू भिंतीला चिकटली होती. तिच्यावर एक गोल पितळी मूठ होती. दार ओढले की लॅच आपोआप लागायचे, आतून मूठ फिरवली की उघडायचे, बाहेरून फक्त किल्लीने. दिवसभर ती मूठ भिंतीकडे तोंड करून होती. माणसाला स्वतंत्र जगता यावे म्हणून जे जे शिकवायचे, त्याची केंद्राजवळ लांबलचक यादी होती. त्यात दार उघडणे नव्हते. ते कोणाला शिकवायचे असते का?

बहीण पहिले काही दिवस त्याच्याजवळ राहिली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजे-बटणे करायची. रजा संपली तशी ती आपल्या घरी परतली आणि दर रविवारी आठवड्याचे सामान घेऊन येऊ लागली. ताईच्या फेऱ्या मधल्या दिवसांत असत.

पहिल्या फेरीला ताईने टकटक केली.

“बाइंडरसाहेब, मी आहे, ताई. आत येऊ का?”

“या,” आतून आवाज आला. अगदी स्वच्छ आणि आदबशीर.

ताई थांबली. दार उघडले नाही. कपडे बदलत असतील, असे वाटून ती आणखी थांबली. जिन्याच्या खिडकीतले ऊन एका पायरीवरून खालच्या पायरीवर सरकले. मग तिने हळूच विचारले, “तुमचा विचार बदलला का? बदलला तरी चालेल हं.”

आतून काहीच आले नाही.

“बरं, मी परवा येते.”

“बरं,” तो म्हणाला.

पुढच्या फेरीलाही तसेच झाले. त्याच्या पुढच्या फेरीलाही. ‘या’ म्हणायचे आणि उघडायचे नाही. ताईने वाचले होते, की या आजारात माणसाला एकाच वेळी कोणी यावे असेही वाटते आणि येऊ नये असेही. तिने ते मान्य केले, त्याच्या द्विधेचा आदर केला आणि दर वेळी जिना उतरून गेली. आदराने एखाद्या माणसाचा किती घात करता येतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण आदर करणाऱ्यांवर संशय घेण्याची पद्धत नाही.

“काय ताई, झालं का दर्शन?” खालून सायकलवाला विचारायचा.

“नाही हो. ‘या’ म्हणाले फक्त.”

“आमच्या सासरी पण असंच आहे. ‘या, या’ म्हणतात, आणि दाराला आतून कडी.”

“तुम्हाला ते दिसतात का कधी?”

“रविवारी बहिणीबरोबर उतरतात. मला मान हलवतात. माणूस एकदम सज्जन. एकटे मात्र कधी खाली येत नाहीत.”

एकटे खाली येत नाहीत, हे वॉर्ड आणि केंद्र दोन्ही बघणाऱ्या डॉक्टरांच्याही कानावर गेले होते. त्यांच्या शास्त्रात त्याला नाव होते: आजाराची नकारात्मक लक्षणे. इच्छाशक्तीचा ऱ्हास, समाजापासून माघार. नाव मिळाले की कुतूहल संपते. ही सोय माणसाने फार पूर्वी शोधून काढली आणि तिच्यावर विद्यापीठे उभारली.

केंद्रातल्या बैठकीच्या खोलीत डॉक्टरांनी ताईला बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. थकलेले होते. स्वायत्ततेवर त्यांची व्याख्याने गाजलेली होती आणि ती ते मनापासून देत.

“ताई, किती दिवस चालवायचं हे? एकदाही आत घेतलं नाही त्याने तुम्हाला.”

“ते ‘या’ म्हणतात, डॉक्टर.”

“म्हणतो ना! आणि उघडत नाही. याला असहकार म्हणतात. खोल्या आपल्याकडे मोजक्या. तिकडे वॉर्डात एक मुलगी कधीची तयार होऊन बसलीय, गाठोडं बांधून. तिला मी काय सांगू? एक गृहस्थ आतून ‘या, या’ म्हणतायत, तेवढं जरा संपू द्या?”

“थोडा वेळ द्या अजून.”

“वेळ दिला. बहिणीकडून सामान, बहिणीकडून गोळ्या, आठवड्यातून एकदा बहिणीबरोबर फिरणं. हा एकटा राहतोय असं म्हणायचं का आपण?” त्यांनी कपाट उघडून किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. “आज जा. नाही उघडलं तर ही लावा, आत जाऊन बघा. जमत नसेल तर उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो. परत नेऊ. अपयश नाही म्हणायचं याला. पुन्हा बघू कधीतरी.”

“तुम्हीच सांगितलं होतं ना भाषणात, दार त्यांचं म्हणून?”

डॉक्टर जरा हसले. “भाषणात दार उघडंच असतं, ताई.”

ताईने किल्ली उचलली. ‘पुन्हा बघू कधीतरी’ हे ‘थोडे दिवस’चेच सख्खे भावंड आहे, हे तिला कळत होते. जेवणाच्या सुट्टीत तिने बहिणीला कारखान्यात फोन लावला. मागे जेवायला बसलेल्या बायकांचा गलका होता.

“उद्या न्यायचं म्हणतायत,” ताई म्हणाली.

बहीण फोन घेऊन बाजूला गेली. मग बहीण म्हणाली, “ताई, तो बरा आहे हो. पुस्तकं शिवतो, भात लावतो. मी विचारलं त्याला, ताई येतात का? तर म्हणतो, येतात आणि जातात. का जातात? तर म्हणे, माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणाले?”

“हो. आणि मी गेले ना, की मी किल्ली लावायच्या आधीच त्याला चाहूल लागते. दार उघडलं की समोर उभा. इतका समोर, की एकदा दारच लागलं त्याला. मी म्हटलं, अरे दादा, बाजूला तरी हो! असा माणूस असहकार करील का?” तिचा आवाज फाटला. “आईला मी कबूल केलं होतं ताई, तिच्यामागे त्याला घरी आणीन म्हणून. माझं घर म्हणजे काय, दहा बाय दहा, त्यात चार माणसं आणि नवरा. तुमची खोली झाली म्हणून तर मी…”

सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि फोन बंद झाला.

दुपार कलताना ताई त्या रस्त्यावर आली. सायकलवाला एका चाकाची पंक्चर पाण्याच्या टबात शोधत होता. तिचा चेहरा पाहून त्याने नेहमीचा विनोद गिळला. मग न राहवून अर्धा बाहेर काढलाच.

“ताई, उभं राहून तुमची तपश्चर्या फळत नाहीये. हे घ्या, स्टूल. बसून बघा आज.”

त्याचे स्टूल म्हणजे तीन पायांचा, जमिनीपासून वीतभर उंचीचा पाट. त्यावर बसून तो चाकांचे आरे नीट करायचा. ताईने ते घेतले ते केवळ पाय दुखत होते म्हणून. त्यात काही दैवी योजना वगैरे नव्हती.

तिने टकटक केली. “बाइंडरसाहेब, मी ताई. आत येऊ का?”

“या.”

ती स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत किल्ली होती. ती लावली की दार उघडणार होते आणि त्याच क्षणी ते वॉर्डाचे दार होणार होते. नाही लावली तर उद्या दुसरे कोणी लावणार होते. ती मान खाली घालून बसली आणि म्हणूनच तिची नजर दाराखालच्या फटीवर गेली.

फटीत दोन पावले होती. अनवाणी, टाचा जुळवलेली, बोटे अगदी दाराला लागलेली. एका अंगठ्यावर वाळलेल्या खळीचा पांढरा ठिपका होता.

ताईला वाटले, ओरडावे. ती ओरडली नाही. तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले, “तुम्ही दारापाशीच आहात का?”

“हो.”

“केव्हापासून?”

“तुम्ही आलात तेव्हापासून.”

“मागच्या वेळी पण इथेच उभे होता?”

“दर वेळी. तुम्ही आलात म्हणजे उभं राहायला नको का?” त्याला प्रश्न थोडा अपमानास्पद वाटला असावा. “बसून राहायचं म्हणजे शोभत नाही.”

“मग… तुम्ही कशाची वाट बघत होता?”

“तुम्ही उघडाल याची,” बाइंडर म्हणाला. “मी ‘या’ म्हणतो. तुम्ही उघडत नाही. मंडळी म्हणाली, त्यांच्या मनात नसेल. मी म्हटलं, असेल काही अडचण. दुसऱ्याच्या अडचणीत आपण कशाला बोलायचं.”

ताई जिन्यातल्या त्या ठेंगण्या स्टुलावर बसून राहिली. आदबीची दोन माणसे एका फळीच्या दोन बाजूंना इतके दिवस एकमेकांना मान देत उभी होती. ती बाहेरून थांबली होती, कारण दार त्याचे होते. तो आतून थांबला होता, कारण दार उघडणे हा नेहमीच पलीकडच्या माणसाचा अधिकार असतो, हे त्याला उभी हयात शिकवले होते. बहिणीजवळ किल्ली होती, म्हणून तिला कधी टकटक करावी लागली नाही. ताईने किल्ली नाकारली होती, म्हणून तिला कधी आत जाता आले नाही. आणि या दोघींच्या मधल्या जागेत डॉक्टरांचे शास्त्र इच्छाशक्तीचा ऱ्हास मोजत बसले होते. खोलीला आग लागली असती, तर हा माणूस शिष्टाचार पाळत जळून गेला असता, आणि तेही अहवालात माघार म्हणून नोंदले गेले असते.

“बाइंडरसाहेब,” ती म्हणाली, “अडचण माझीच होती. दार तुमच्याकडून उघडतं. मी सांगायला विसरले.”

“माझ्याकडून?”

“हो. तुमच्या बाजूला एक गोल मूठ आहे बघा. पितळेची.”

“आहे. ती दाराची आहे.”

“तीच. तिला हात लावायचा.”

पावले एकदम मागे गेली. फटीत नुसते ऊन उरले.

“नाही,” तो आतून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, वयाने लहान झाला होता. “दाराला हात लावला की बांधतात. खाटेला. माझ्या शेजारचा एक जण लावायचा.”

ताईच्या हातात आता किल्ली होती. केव्हा काढली ते तिलाही कळले नाही. लावायची, उघडायचे, त्याचा हात धरायचा, आणि उद्या डॉक्टरांना सांगायचे, हा बघा, मी आत आहे. किती सोपे होते! तिने किल्ली परत पिशवीत टाकली आणि पिशवी पायऱ्यांवर, हात पोचणार नाही इतकी लांब सरकवली.

“ते तिकडे. इथे कोणी बांधत नाही. इथे मी आहे आणि खाली सायकलवाला आहे. तो बांधायला आला तर त्याच्या हातांचं ग्रीस सगळं तुमच्या शर्टाला लागेल, एवढीच भीती.”

आतून एक बारीक आवाज आला. तो हसण्याचा असावा.

“मंडळी काय म्हणतायत?” तिने विचारले.

“म्हणतायत, हा गुन्हा आहे.”

“तुमचं ऐकतील का ती?”

“कधीच ऐकत नाहीत.”

“मग बोलू देत त्यांना. त्यांचं तोंड चालू दे, तुम्ही हात चालवा. पुस्तक शिवताना पण बोलतातच ना ती?”

“शिवताना तर फार बोलतात,” तो म्हणाला. पावले फटीत परत आली, आधी एक, मग दुसरे.

आता पंचाईत अशी झाली, की मूठ फिरवणे शब्दांत कसे सांगायचे हे ताईला ठाऊक नव्हते. जे हातांना जन्मभर येते ते तोंडाला येत नाही. “धरा आणि फिरवा” म्हटले, तर त्याने धरली आणि ओढली. “गोल फिरवा” म्हटले, तर त्याने इतकी हलकेच फिरवली की ती आपोआप जागेवर आली. “अडकतंय,” तो म्हणाला, आणि त्याच्या श्वासाची गती ताईला फळीतून ऐकू आली.

“शिकंजा आठवतो का तुम्हाला? छापखान्यातला?”

“आठवायला काय झालं?” तो जवळजवळ चिडला. “बिडाचा होता. वरती दांडा. मीच तेल घालायचो.”

“पुस्तकं वाळली, आता बाहेर काढायचीत. काय करता?”

“सैल करतो.”

“कसा?”

“दांडा उलटा घ्यायचा. पण एकदम सोडायचा नाही, नाहीतर पुठ्ठा उसळतो. पकड ठेवून, मनगटाने.”

“तसं करा.”

एक लहानसा आवाज झाला, जीभ टाळूला लावून काढावा तसा. लॅचची जीभ आत गेली.

“सैल झालं,” तो म्हणाला.

“आता सोडू नका. तसंच धरून स्वतःकडे ओढा.”

दार बोटभर उघडले. त्या बोटभर जागेत एक डोळा, पांढरी भुवई, आणि आतून येणारा खळीचा आंबूस वास. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. ताई स्टुलावर होती, म्हणून त्याला बरेच खाली बघावे लागले.

“तुम्ही खाली का बसलात?” बाइंडरने विचारले. “आत खुर्ची आहे.”

ताई उठू लागली. आणि त्याने दार लावून घेतले.  पण लगेच टाळूचा तो आवाज झाला आणि दार उघडले. पुन्हा लावले. पुन्हा उघडले. प्रत्येक वेळी फट थोडी रुंद होत होती, आणि प्रत्येक वेळी तो ताईकडे न बघता मुठीकडे बघत होता, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाने आपल्याला इतका वेळ ओळख का दिली नाही, असा चेहरा करून.

“टकटक करा बरं,” तो शेवटी आतून म्हणाला.

तिने केली.

“कोण?”

“मी ताई. आत येऊ का?”

“या,” तो म्हणाला आणि त्याने दार उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गाडी घेऊन आले. बहिणीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ताईने तिला आदल्या संध्याकाळी सगळे सांगितले होते, आणि ती जिना चढताना म्हणाली,

“म्हणजे दर रविवारी मी त्याला बाहेर काढत होते आणि जाताना कोंडून जात होते.”

“लॅच आहे हो. आपोआप लागतं.”

“आपोआपच लागतं सगळं,” बहीण म्हणाली.

डॉक्टरांना ताई काही सांगू पाहत होती, पण ते जिना चढताना फोनवर बोलत होते. दारापाशी येऊन त्यांनी फोन खिशात टाकला आणि हात पुढे केला.

“किल्ली?”

“टकटक करा,” ताई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितले, मग दारावर दोनदा बोटे आपटली.

“कोण?” आतून आवाज आला.

डॉक्टर गडबडले. इतक्या वर्षांत त्या भिंतीआडच्या कोणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. “मी. डॉक्टर.”

टाळूचा आवाज झाला आणि दार उघडले. बाइंडर उभा होता, बाह्या दुमडलेल्या, हातात खळीचा ब्रश. त्याच्यामागे टेबलावर एक पुस्तक उघड्या कण्याने पालथे पडले होते. त्याने डॉक्टरांना ओळखले. त्यांच्या खांद्यावरून त्याला जिन्याच्या खिडकीतून खाली उभी असलेली गाडीही दिसली असावी, कारण ब्रशवरून खळीचा एक थेंब जमिनीवर पडला आणि तो त्याने पुसला नाही.

“काय काम होतं?” त्याने विचारले.

“बघायला आलो. कसं चाललंय ते.” डॉक्टरांनी घसा साफ केला. “आत येऊ का?”

बाइंडरने मान किंचित तिरकी केली, कोणाचे तरी ऐकत असल्यासारखी. “मंडळी म्हणतात, येऊ द्या. नाहीतर रागावतील म्हणतात.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिले, कदाचित पहिल्यांदाच. “आणि तुम्ही काय म्हणता?”

बाइंडरला उत्तर शोधायला वेळ लागला. तिघे जण जिन्यात थांबले.

“मी म्हणतो, आज नको,” तो म्हणाला. “खळ वाळते आहे. तुम्ही परवा या.” आणि त्याने दार लावून घेतले. आपटले नाही, पकड ठेवून, मनगटाने लावले.

डॉक्टर त्या बंद दारासमोर उभे राहिले. कालपर्यंत हा माणूस दर वेळी ‘या’ म्हणत होता आणि असहकार करत होता. आज त्याने त्यांना दारातून परत पाठवले होते, आणि याला काय म्हणायचे ते त्यांच्या शास्त्रात तयार नव्हते.

“तो उघडतो,” शेवटी ते म्हणाले.

“आणि लावतातसुद्धा,” ताई म्हणाली. “ती आतली मूठ फिरवायची असते, हे आपण त्यांना कधी दाखवलंच नव्हतं.”

“परवा किती वाजता म्हणाला?”

“वेळ नाही सांगितली. तुम्ही टकटक करा आणि थांबा.”

डॉक्टर जिना उतरू लागले. एक वळण उतरून ते थांबले आणि वर न बघता म्हणाले, “त्या मुलीसाठी दुसरी खोली बघावी लागेल. तुम्ही तिला सोबत द्याल ना?” मग हलक्या आवाजात, “तिला आधी ही मूठ दाखवा.” गाडी जशी आली तशी रिकामी गेली. सायकलवाल्याने तिला वळायला जागा करून दिली, जरा जास्तच उत्साहाने.

वर बहीण दारासमोर राहिली होती. सवयीने तिने पर्समधून किल्ली काढली होती आणि ती दोन बोटांत धरून बघत होती. मग तिने ती पर्समध्ये टाकली, चेन ओढली, चष्मा पुसला, आणि स्वतःच्या सख्ख्या भावाच्या दारावर आयुष्यात पहिल्यांदा टकटक केली.

आत ब्रश ठेवल्याचा आवाज झाला. हात धुतल्याचा. नळ बंद केल्याचा. पावले सावकाश आली, त्यांना कसलीही घाई नव्हती. बहीण एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. तिला घाई होती, कारखाना होता, पण ती थांबली.

दार उघडले. तिच्याकडे बघून बाइंडरने चेहरा अत्यंत गंभीर केला. ती परकर-पोलक्यात होती तेव्हा शाळेतून आली की तो असाच चेहरा करून दारात आडवा उभा राहायचा.

“कोण पाहिजे आपल्याला?” तो म्हणाला.

तिला हसू आवरेना आणि दुसरेही काही आवरेना.

“दादा, पुरे हं! सरक बाजूला.”

“नाव सांगा आधी.”

“तुझी धाकटी.”

त्याने थोडा विचार केला. मंडळींचे मत घेतले असेल किंवा नसेलही. मग तो बाजूला झाला, दार पुरते उघडून भिंतीला टेकवले, आणि ते मिटू नये म्हणून तिथे पडलेली ती वीट पायाने सरकवून लावली.

“या,” तो म्हणाला. “पाय पुसून या. खळ सांडलीय.”